कॉम्प्युटर लॅबची एमसीबी सारखी पडते: लोडचा हिशोब आणि तपासण्या

मी परवानाधारक वायरमन आहे. शाळा, क्लासेस, सीएची ऑफिसं, झेरॉक्स-ऑनलाइन फॉर्मची दुकानं, अशा ठिकाणचं वायरिंग गेली चौदा वर्षं करतोय. जून उजाडला, शाळेत नवे कॉम्प्युटर आले, की फोन सुरू होतात: "एमसीबी पडते, मोठी टाकून द्या." मोठी टाकून मी कधीच देत नाही. एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप बंद पडणारा स्विच, कॉम्प्युटरसाठी नसते, ती भिंतीतल्या वायरसाठी असते. ती का पडते हे शोधायला अर्धा दिवस लागतो, आणि त्यातलं बरंचसं काम लॅबचे सर किंवा मॅडम स्क्रू ड्रायव्हर हातात न घेता करू शकतात.

आधी लक्षणं

तुमच्याकडे यातलं नेमकं काय होतं ते ठरवा. कधीकधी दोन गोष्टी एकत्रही असतात.

- लाईट जाऊन परत येते त्याच क्षणी एमसीबी पडते. एरवी दिवसभर काही नाही.
- सकाळी सगळं नीट. तास-दीड तासाने पडते. लगेच वर केली तर राहत नाही, दहा मिनिटांनी राहते. एप्रिल-मेमध्ये त्रास जास्त.
- एमसीबी वरच आहे, पण टेस्ट बटण असलेली आरसीसीबी पडते. कॉम्प्युटर वाढवल्यापासून सुरू झालं.
- कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात.
- युपीएसची एमसीबी पडते, तीही बराच वेळ लाईट नसली तरच.
- काहीच पडत नाही, पण सॉकेट गरम लागतं, प्लगची पिन काळी पडली आहे, जळका वास येतो.

शेवटचं लक्षण असेल तर पुढचं वाचू नका. मेन बंद करा आणि वायरमनला बोलवा. पडणारी एमसीबी निदान आपलं काम करत असते. न पडता तापणारं सॉकेट आग लावतं.

१. काय पडलं आणि कधी पडलं, ते लिहून ठेवा

याला पैसा लागत नाही, आणि माझा सगळ्यात जास्त वेळ यानेच वाचतो. डीबीचं, म्हणजे एमसीबी बसवलेल्या पेटीचं, बाहेरचं झाकण उघडून बघा, कोणती दांडी खाली आहे? ज्यावर छोटं टेस्ट बटण आहे ती आरसीसीबी. ती अर्थकडे होणारी करंटची गळती पकडते. बटण नसलेल्या त्या एमसीबी. त्या जास्त करंट आणि शॉर्ट पकडतात. (काही ठिकाणी दोन्ही कामं करणारी आरसीबीओ असते. तिलाही बटण असतं, पण वर बी १६, सी १६ असंही लिहिलेलं असतं.) दोघींच्या तक्रारी वेगळ्या, उपाय वेगळे. "फ्यूज उडाला" एवढ्यावर कोणाला काही कळत नाही.

एका शाळेतल्या मॅडमनी हजेरीपटाच्या मागच्या पानावर दोन महिने नोंद ठेवली होती. तारीख, वेळ, आणि पुढे दोन-चार शब्द: "लाईट आल्यावर लगेच." "लाईट आल्यावर लगेच." "लाईट लपकली." अकरा नोंदी, आणि अकराही तशाच. त्याआधी येऊन गेलेल्या दोघांनी तिथे दोनदा एमसीबी बदलली होती. ते पान बघितल्यावर मला टेस्टरही काढावा लागला नाही.

२. लाईट आल्यावर पडते? मग रांगेने चालू करा

कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमध्ये, म्हणजे आतल्या पॉवर सप्लायच्या डब्यात, वीज साठवणारा मोठा कपॅसिटर असतो. लाईट येते त्या क्षणी तो रिकामा असतो आणि काही मिलिसेकंदांत भरून घेतो. तेवढ्यात एकच मशीन ३०-४० अँपिअरचा झटका मारू शकतं. चालू मशीन अर्धा-पाऊण अँपिअर घेतं, म्हणून हा झटका कोणाच्या हिशोबात नसतो. चोवीस मशीनचा झटका एकाच वेळी बसला, की बी प्रकारची एमसीबी पडणारच. बी प्रकार रेटिंगच्या ३ ते ५ पटीला क्षणात पडतो, सी प्रकार ५ ते १० पटीला. म्हणजे बी १६ ला ४८ ते ८० अँपिअर पुरतात, सी १६ ला ८० ते १६० लागतात.

लाईट लपकली, म्हणजे जाऊन लगेच आली, तर प्रकार आणखी वाईट होतो. हा झटका आवरायला एसएमपीएसमध्ये एक थर्मिस्टर बसवलेला असतो. तो थंड असला की करंट अडवतो, तापला की वाट मोकळी करतो. लाईट तीन-चार सेकंदच गेली, तर कपॅसिटर रिकामा झालेला असतो आणि थर्मिस्टर अजून गरमच असतो. अडवायला कोणी नसतं.

उपाय फुकट आहे. लाईट गेली की प्रत्येक रांगेचं बटण बंद करा, आल्यावर एकेक रांग चालू करा. बायॉसमधली "लाईट आल्यावर आपोआप चालू" ही सेटिंगही बंद ठेवा. पण एवढ्यावर विसंबू नका. मशीन बंद दिसत असलं तरी प्लगमध्ये लाईट आली की कपॅसिटर भरतोच. बोर्डाचं बटण बंद हवं.

बी काढून सी बसवणं हा बरोबर उपाय असू शकतो, पण तो तुम्ही करायचा नाही. सी १६ ला शॉर्टमध्ये क्षणात पडायला १६० अँपिअर मिळालेच पाहिजेत. त्यासाठी जाणाऱ्या-येणाऱ्या सगळ्या वायरचा मिळून रोध १.४४ ओहमच्या आत लागतो. लांबलचक जुन्या वायरिंगमध्ये तो मोजल्याशिवाय सी टाकली, तर खऱ्या शॉर्टमध्ये ती वेळेवर पडणार नाही.

३. कॉम्प्युटर नसलेलं सगळं काढा

लेझर प्रिंटर, चहाची किटली, कूलर, मोबाइल रिपेअरवाल्याची हॉट एअर गन. लेझर प्रिंटर कागद तापवताना ८०० ते १००० वॉट ओढतो, काही सेकंदांपुरता, पण पुन्हा पुन्हा. सर्किट आधीच काठावर असेल, तर तो शेवटचा धक्का ठरतो. दोन दिवस हे सगळं दुसऱ्या सर्किटवर लावून बघा. त्रास थांबला तर थोड्या खर्चात वेगळं सॉकेट काढून काम भागण्यासारखं असतं.

४. कागदावर लोड काढा

इथे जवळजवळ सगळे चुकतात, आणि दोन उलट्या दिशांना चुकतात.

पहिली चूक: एसएमपीएसवर ४५० वॉट लिहिलंय, चोवीस मशीन, म्हणजे १०.८ किलोवॉट. तसं नाही. ४५० ही त्याची देण्याची ताकद. शाळेतलं साधं मशीन काम करताना ७०-८० वॉट आणि एलईडी मॉनिटर २० वॉट, मिळून १०० धरा. या चुकीपायी एका क्लासवाल्यांनी गरज नसताना मोठ्या मंजूर भाराचा अर्ज करायची तयारी केली होती.

दुसरी चूक जास्त धोक्याची. १०० वॉट गुणिले २४ म्हणजे २४०० वॉट. भागिले २३० व्होल्ट, उत्तर १०.४ अँपिअर. "मग १६ ची एमसीबी का पडते?" कारण पॉवर फॅक्टर विसरलात, म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर (व्हीए) यातले खरे वॉट किती ते प्रमाण. स्वस्त एसएमपीएसमध्ये करंट पूर्ण लहरीभर वाहत नाही, लहरीच्या टोकाशी गचके देत वाहतो. त्याचा पॉवर फॅक्टर ०.६५ च्या आसपास असतो. म्हणजे २४०० भागिले ०.६५, सुमारे ३६९० व्हीए, आणि करंट १६ अँपिअर. मीटरला २४०० वॉट दिसतात, पण वायर १६ अँपिअरने तापते. अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट) असलेल्या मशीनला हा आकडा ०.९५ च्या वर असतो, तिथे हा प्रश्न येत नाही. पण शाळांना मिळणाऱ्या असेंबल्ड मशीनमध्ये ते क्वचित दिसतं.

आता १६ ची एमसीबी १६ अँपिअरवर का पडावी? मानकानुसार ती रेटिंगच्या १.१३ पटीला तासभर पडायला नको आणि १.४५ पटीला तासाच्या आत पडलीच पाहिजे. पण हे आकडे ३० अंश सेल्सिअसचे. मे महिन्यात पत्र्याच्या बंद डीबीत, शेजारी चार तापलेल्या एमसीबी असताना, आतलं तापमान ५० च्या आसपास जातं. तिथे तीच एमसीबी १६ च्या खालीही पडते. तास-दीड तासाचं कोडं हेच आहे.

कोडबद्दल थोडं. आपल्याकडे वायरिंगसाठी आयएस ७३२ आणि भारतीय मानक ब्युरोचा राष्ट्रीय विद्युत कोड (इंग्रजीत एनईसी), म्हणजे एसपी ३०, धरतात. इंटरनेटवर "एनईसी" शोधलं तर बहुतेक वेळा अमेरिकेचं पुस्तक हाती लागतं. नाव तेच, पुस्तक वेगळं. त्यात आयटी उपकरणांसाठी कलम ६४५ आहे आणि वायरची क्षमता जोडलेल्या भाराच्या १२५ टक्के ठेवायला सांगितलं आहे. तिथला पुरवठा, वायरची मापं, प्लग सगळं निराळं. तिथले तक्ते इथे वापरू नका. १२५ टक्क्यांमागचा विचार मात्र मला पटतो आणि मी तो पाळतो: दिवसभर चालणारा भार एमसीबीच्या ८० टक्क्यांत बसला पाहिजे. १६ वर १२.८.

आणखी एक. आपल्या जुन्या अंदाजपत्रकांत ६ अँपिअरचं एक सॉकेट म्हणजे १०० वॉट धरायची पद्धत आहे, कारण घरात सगळी सॉकेटं एकदम कोणी वापरत नाही. लॅबमध्ये तासाची घंटा झाली की सगळी एकदम चालू होतात. इथे सवलत धरायची नाही, भार शंभर टक्के धरायचा. आणि एका सॉकेटवर पट्टी लावून चार मशीन असतील, तर ते सॉकेट चार मशीनचंच मोजायचं.

५. वायर किती जाडीची, आणि कोणाबरोबर जाते

वायरवर माप छापलेलं असतं, बिलातही असतं. नियम एवढाच: भाराचा करंट एमसीबीपेक्षा कमी, आणि एमसीबी वायरच्या क्षमतेपेक्षा कमी.

गोम वायरच्या क्षमतेत आहे. २.५ स्क्वेअर एमएम तांब्याची पीव्हीसी वायर भिंतीवरच्या पाइपातून एकटी गेली, तर ३० अंशाला २४ अँपिअर धरते. पण ४० अंशाला त्याला ०.८७ ने गुणायचं. त्याच पाइपात तीन सर्किटं असतील तर आणखी ०.७० ने. २४ चे राहिले १४.६. अकोला-चंद्रपूरकडे ४५ अंश धरलं तर १३.३. म्हणजे जी वायर सगळे "वीसची" समजून चालतात, तिच्यावर १६ ची एमसीबीसुद्धा जास्त आहे. तिथे कोणी २५ किंवा ३२ टाकली, की वायरच फ्यूज होते.

असं एक बोर्ड मी उघडलं आहे. सहा महिन्यांपूर्वी १६ काढून ३२ टाकली होती, आणि त्यानंतर "काहीच त्रास नाही" असं शिपाईमामा सांगत होते. बोर्डामागची लाल वायर विटकरी झाली होती. बोटात धरून वाकवली, तर इन्शुलेशन वाळलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखं तुटून तळहातावर पडलं. आत उघडं तांबं, आणि अर्ध्या सेंटीमीटरवर न्यूट्रल.

मी बसवतो ते असं: आठ ते दहा मशीनला एक सर्किट, २.५ ची वायर, १० ची एमसीबी, प्रत्येक सर्किटचा फेज आणि न्यूट्रल स्वतंत्र. आठ मशीनचे ५.४ अँपिअर, दहाचे ६.७. पुढे दोन-तीन मॉनिटर वाढले तरी जागा राहते. लॅब डीबीपासून लांब असेल तर व्होल्टेज ड्रॉपही बघतो, पण एवढ्या करंटला तीस मीटरपर्यंत तो साधारण आड येत नाही.

६. आरसीसीबी पडते तेव्हा

प्रत्येक एसएमपीएस थोडा करंट मुद्दाम अर्थला सोडतो. गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर असतात, त्यातून तो जातो. बिघाड नाही, रचनाच तशी आहे. एका डेस्कटॉपला अर्धा ते दीड मिलिअँपिअर धरा. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी ३० ला पडलीच पाहिजे, पण १५ च्या पुढे कधीही पडू शकते. एकेक मिलिअँपिअरची वीस मशीन एका आरसीसीबीवर लावलीत, की सगळी मशीन निरोगी असूनही ती पडू शकते. कायमची गळती रेटिंगच्या ३० टक्क्यांत, म्हणजे ९ मिलिअँपिअरच्या आत ठेवायची. एका आरसीसीबीमागे आठ-नऊ मशीन, बस.

तपासायचं असं. सगळ्या मशीनचे प्लग उपटा. बटण बंद करून भागत नाही, कारण बटण फक्त फेज तोडतं आणि एखाद्या मशीनमध्ये न्यूट्रल बॉडीला टेकला असेल तर तो टेकलेलाच राहतो. मग एकेक प्लग लावत जा.

- एका ठरावीक मशीनला पडली: ते मशीन दोषी. धूळ, ओल, पाल. एसएमपीएस बदला.
- कोणतंही असो, बाराव्या-पंधराव्या मशीनला पडली: संख्या जास्त आहे. आरसीसीबी वाटून घ्या.
- एकही प्लग नसताना पडली: दोष वायरिंगमध्ये आहे. थांबा, वायरमन बोलवा.

या तिसऱ्या प्रकारात बहुतेक वेळा कोणीतरी एका सर्किटचा न्यूट्रल दुसऱ्यात लूप केलेला सापडतो, नाहीतर पावसाळ्यात भिंत ओली झालेली असते.

दोन गोष्टी हात जोडून सांगतो. आरसीसीबी काढून थेट जोडू नका, आणि प्लगची अर्थ पिन कापू नका. अर्थ नसेल तर त्याच छोट्या कपॅसिटरमुळे कॅबिनेटच्या पत्र्यावर साधारण निम्मं व्होल्टेज, ११५ च्या आसपास, येऊन बसतं. झिणझिण्या येतात त्या याच. करंट तोकडा असल्याने मोठा माणूस हात झटकून मोकळा होतो. पण उद्या त्याच मशीनमध्ये फेज बॉडीला टेकला, तर अर्थ नसताना समोर मूलच असणार आहे. झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग दुरुस्त होईपर्यंत लॅब बंद ठेवा.

७. युपीएस

थोडक्यात. ५ केव्हीएचा युपीएस ०.८ पॉवर फॅक्टरने ४ किलोवॉट देतो. स्वतः दहाएक टक्के खातो, म्हणून आत घेतो ४.४. तासभर लाईट नसली तर बॅटऱ्या उतरलेल्या, त्यांच्या चार्जिंगला आणखी अर्धा किलोवॉट. झाले ४.९, म्हणजे २१ अँपिअर. एमसीबी २० ची असेल तर एरवी महिनोन् महिने पडणार नाही आणि मोठ्या लोडशेडिंगनंतर, डीबी तापलेली असताना, पडू शकते. इथे एमसीबीबरोबर युपीएसपर्यंतची वायरही बदलावी लागते. नुसती एमसीबी नाही.

८. तीन फेज असतील तर न्यूट्रल मोजा

हे काम वायरमनचंच आहे, पण तुम्ही त्याला सांगून करून घ्या, कारण बरेच जण करत नाहीत.

पंखे-हीटरच्या जगात तीन फेजवर सारखा भार वाटला की न्यूट्रलमध्ये जवळजवळ काही उरत नाही. कॉम्प्युटरचा करंट गचक्यांनी वाहतो, आणि त्यातला तिसरा हार्मोनिक, म्हणजे १५० हर्ट्झचा भाग, तिन्ही फेजचा न्यूट्रलमध्ये येऊन बेरीज होतो. प्रत्येक फेजवर १२ अँपिअर आणि न्यूट्रलवर १९, असं मी स्वतः मोजलं आहे. फेजच्या १.७३ पटीपर्यंत जाऊ शकतो. जुन्या केबलमध्ये न्यूट्रल अर्ध्या जाडीचा असायचा, आणि न्यूट्रलला एमसीबी नसते. म्हणून तो गुपचूप तापतो.

तापून त्याचा जोड सुटला, तर एका फेजवर कमी आणि दुसऱ्यावर जास्त मशीन असतात, आणि कमी मशीनवाल्या बाजूला ३००-३५० व्होल्टपर्यंत दाब चढतो. एका मिनिटात दहा-बारा एसएमपीएस फुटतात. लॅबमध्ये न्यूट्रल फेजच्या मापाचा तर हवाच, मुख्य केबलला मी एक पायरी जाडच घेतो.

मोजायला टोंग टेस्टर (वायरभोवती चिमटा लावून करंट मोजणारा) ट्रू आरएमएस, म्हणजे गचक्यांचाही खरा करंट दाखवणारा, असलाच पाहिजे. साधा टेस्टर गचक्यांचा करंट बराच कमी दाखवतो, आणि "न्यूट्रल ठीक आहे" असं चुकीचं उत्तर मिळतं.

इथे थांबा

जळका वास, काळी पिन, गरम बोर्ड, कॅबिनेटला झिणझिण्या, एमसीबी वर करताच ठिणगीसह पडणं, काही दिवे मंद आणि काही फार प्रखर होणं: यातलं काहीही असेल तर मेन बंद आणि फोन. दिवे मंद-प्रखर होणं म्हणजे न्यूट्रल सुटतोय, त्यात एक मिनिटही घालवू नका. पडलेली एमसीबी एकदा वर करून बघा. दुसऱ्यांदा पडली तर पुन्हा वर करू नका.

डीबीचं आतलं झाकण उघडणं, स्क्रू आवळणं, रेटिंग किंवा प्रकार बदलणं, अर्थिंगला हात घालणं, ही परवाना असलेल्याची कामं आहेत. एकूण भार बिलावरच्या मंजूर भारापेक्षा जास्त निघाला, तर ठेकेदारामार्फत आधी तो वाढवून घ्या आणि मगच मशीन वाढवा.

बोलावताना हातात एक कागद ठेवा: काय पडतं, कधी पडतं, मशीन किती, कोणत्या रांगेत किती, तुम्ही काढलेला करंट. काम झाल्यावर त्याच्याकडून सगळी मशीन तासभर चालवून प्रत्येक सर्किटचा आणि न्यूट्रलचा करंट मोजून घ्या. ते आकडे, वायरचं माप आणि तारीख लिहून कागद डीबीच्या दारावर आतून चिकटवा. पुढच्या जूनमध्ये आणखी दहा कॉम्प्युटर आले, की ते कुठे बसतात हे खोकी उघडायच्या आधी त्या कागदावर बघता येईल.